संध्याकाळी व्हेपोरायझरला वाफच येत नाही? मशीन उघडण्याआधी लाईनचं व्होल्टेज मोजा

आमच्याकडे सुक्या पाल्याची वाफ काढणारं, टेबलावर ठेवायचं व्हेपोरायझर आहे. मागच्या हिवाळ्यात त्यानं आम्हाला पुरते दोन महिने दमवलं. सकाळी लावलं की सात-आठ मिनिटांत तापायचं आणि फुग्यात पुदिन्याची दाट वाफ भरायची. संध्याकाळी तेच मशीन, त्याच बरणीतला पुदिना, तापमानाचा तोच आकडा, आणि फुग्यात नुसती कोमट हवा. रोजच असं झालं असतं तर मशीन बिघडलं म्हणून सोडून दिलं असतं. पण तीन-चार संध्याकाळी बिघाड, मग तीन-चार संध्याकाळी सगळं सुरळीत, पुन्हा बिघाड. ज्यांना असाच त्रास होतो आहे, त्यातही ज्यांचं घर वावरात आहे, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात, गावापासून दीड किलोमीटरवर वावरातच राहतो. संत्र्याची बाग, थोडी पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर. माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, यांनी चाळीस वर्षं बिडी ओढली आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर एका दिवसात सोडली. पण संध्याकाळी बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसले की त्यांची बोटं अस्वस्थ व्हायची. दीर पुण्याला असतात, त्यांनी हे मशीन आणलं. वापरण्याआधी डॉक्टरांना विचारलं. ते स्पष्ट बोलले की हे औषध नाही, दिवसातून एकदा आणि थोडंच, आणि खोकला किंवा दम वाढला तर त्याच दिवशी बंद. आम्ही तेवढंच करतो. ज्यांना दमा आहे, ज्या बाई गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

मशीनचं काम थोडक्यात सांगते, कारण बिघाड तिथूनच कळतो. आत एक हीटर आहे आणि हवा ढकलणारा छोटा पंप. हवा हीटरवरून तापून वर येते, जाळीवर पसरलेल्या पाल्यातून जाते आणि पाल्यातलं सुगंधी तेल सोबत घेऊन फुग्यात भरते. काही मशीनला फुग्याऐवजी लांब नळी असते. पाला जळत नाही, जळायला नकोच. पुदिन्यातलं मेन्थॉल २१२ अंशांना उकळतं, नीलगिरीतलं सिनिओल १७६ ला, तुळशीतलं युजेनॉल २५४ ला. पण ओला कपडा उकळल्याशिवायही वाळतो, तशी ही तेलं उकळण्याच्या बरीच आधीपासून उडू लागतात. जर्मनीतल्या टुटलिंगेन गावी बनणाऱ्या व्होल्कॅनो नावाच्या मशीनच्या तक्त्यात नीलगिरीच्या पानाला १३० आणि पुदिन्याला १६६ अंश दिलेत. आमचं मशीन ते नाही, पण हे आकडे आम्हाला उपयोगी पडले. मुद्दा असा की सगळा खेळ हवेच्या गरमपणाचा आहे. हवा वीस-तीस अंशांनी कमी तापली तर पुदिना पुदिनाच राहतो आणि फुगा रिकामा.

आम्ही आधी काय काय केलं

पहिला संशय पाल्यावर. पाला ओलसर असला तर आधी पाण्याचीच वाफ निघते, फुगा धुरकट दिसतो पण वास येत नाही. पुदिना पुन्हा दोन दिवस सावलीत वाळवला. देठ वाकता कामा नये, कट्कन मोडला पाहिजे. फरक नाही.

मग जाळी. ती चिकट झाली होती हे खरं. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, त्यात तासभर बुडवून जुन्या टूथब्रशनं घासली, पाण्यानं धुतली आणि एक दिवस वाळू दिली. हे अल्कोहोल लगेच पेट घेतं, त्यामुळे त्याचा वास पूर्ण गेल्याशिवाय जाळी मशीनवर चढवू नका. जाळी स्वच्छ झाली, संध्याकाळ तशीच कोरडी.

मग कुटण्याची पद्धत बदलली. मिक्सरमध्ये पुदिन्याचं पीठ होतं, पीठ जाळीत बसतं आणि हवा अडवतं. खलबत्त्यात जाड्या रव्यासारखं कुटलं की हवा मोकळी फिरते. ही सवय आम्ही पुढेही ठेवली, पण त्रास गेला नाही.

शेवटी तालुक्याच्या गावी एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं हीटरची कॉईल कमजोर झाली सांगून नवी टाकली. त्याच्या दुकानात मशीन मस्त चाललं. घरी आणलं, दोन संध्याकाळी चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा कोमट हवा. मला त्या दिवशी रडू आलं. पैसे गेले त्यापेक्षा मामाजी "राहू दे पोरी, मले नाही पाहिजे" म्हणाले, त्याचं जास्त वाईट वाटलं.

कारण सापडलं ते गोठ्यात. म्हशीचं दूध काढताना मामाजी तिथूनच बोलले, "आज त लाईनच डीम हाय बाप्पा. या हप्त्यात रात्रीची थ्री फेज हाय ना, साऱ्यायच्या मोटारी चालू असतीन." मी जाऊन पाहिलं तर गोठ्यातला जुना साठचा पिवळा बल्ब विस्तवासारखा लाल दिसत होता. घरात मात्र सगळे एलईडी, ते लख्ख. एलईडीच्या आतली सर्किट व्होल्टेज बरंच पडलं तरी उजेड तसाच ठेवते. त्यामुळे ओसरीत बसून आम्हाला कळतच नव्हतं की लाईन किती उतरली आहे.

आता सगळी कडी जुळली. शेतीची थ्री फेज, म्हणजे मोटारी चालवणारी तीन तारांची लाईन, काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की अंधार पडताच आमच्याच डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी सुरू होतात. त्यात जानेवारी महिना. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी ताण दिलेल्या, म्हणजे पाणी तोडलेल्या, बागांना याच सुमारास पाणी सोडतात, हरभरा-गव्हाचंही ओलीत चालू असतं. बोअर खोल गेल्यामुळे मोटारीही मोठ्या. आमचा तीन-चार दिवसांचा बिघाड म्हणजे पाळीपत्रक होतं, मशीनचा काही दोष नव्हता.

मोजायचं कसं

मी डिजिटल मल्टिमीटर आणला. ज्यांना तो वापरता येत नाही त्यांनी सॉकेटमध्ये खोचायचा व्होल्ट दाखवणारा छोटा मीटर घ्यावा, तेच बरं. मल्टिमीटर वापरणार असाल तर बटण एसी व्होल्टच्या सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवा आणि लाल वायर अँपिअरच्या भोकात नाही ना, हे दोनदा पाहा. अँपिअरच्या भोकात वायर ठेवून सॉकेटला लावली तर थेट शॉर्ट होतो.

मोजणी दोनदा करायची, एकदा मशीन बंद असताना आणि एकदा हीटर चालू असताना, त्याच बोर्डावर. आमचे आकडे असे आले: सकाळी दहाला २२८. संध्याकाळी सातला, मशीन बंद, १६८. मशीन लावलं की १६२.

या दोन आकड्यांचा अर्थ वेगवेगळा आहे. २२८ चे १६८ झाले ती बाहेरची, डीपीवरची गोष्ट. १६८ चे १६२ झाले ती आमच्या घरातली. एवढ्याशा मशीननं सहा व्होल्ट खाली येत असतील तर कुठेतरी जोड सैल आहे. मी प्लग काढून पाहिला तर एक पिन हाताला चांगली गरम लागली. बारीक वायरचं जुनं एक्स्टेन्शन आणि सैल सॉकेट. ते दोन्ही त्याच आठवड्यात बदलले. वाफेचं सोडा, असा गरम होणारा जोड आग लावू शकतो, आणि आमच्या मागच्या खोलीत तेव्हा वेचलेला कापूस भरलेला होता.

आता हिशोब. आमच्या मशीनच्या लेबलवर २५० वॅट आहे, ते २३० व्होल्टला. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानुसार, म्हणजे व्होल्टेज गुणिले व्होल्टेज या हिशोबानं, पडते. व्होल्टेज थोडं उतरलं तरी वॅट पुष्कळ उतरतात. २०० व्होल्टला साधारण ७६ टक्के ताकद उरते, १८० ला ६१, १६० ला ४८. आमच्या १६२ ला अडीचशेचा हीटर सव्वाशेवर आला होता. अर्ध्या विस्तवावर भाकरी भाजायला घेतल्यासारखं.

यात एक फसवणारी खूण आहे. ज्या मशीनवर आकडा दिसतो, तिथे पंप बंद असताना तो आकडा सावकाश का होईना ठरवलेल्या जागी पोचतो. दिवा हिरवा होतो, आपल्याला वाटतं सगळं ठीक. पंप सुरू केला की थंड हवा हीटरवरून जाते, ताकद अपुरी असल्यामुळे हीटर ती भरून काढू शकत नाही आणि आकडा घसरत जातो. तुमचा आकडा पंप चालू असताना दहा-पंधरा अंशांनी पडून तिथेच राहत असेल तर आधी व्होल्टेज तपासा. शिवाय आमच्यासारख्या मशीनमधला पंप थेट एसी लाईनवर थरथरणारा असतो, तोही कमी व्होल्टेजला मंदावतो. फुगा भरायला दुप्पट वेळ लागतो, तोवर आतली वाफ फुग्याच्या भिंतीला चिकटून जाते.

हे सगळ्याच मशीनना लागू नाही. तुमच्या मशीनला लॅपटॉपसारखा वेगळा अडॅप्टर असेल आणि त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल, तर १६० ला त्याला काही फरक पडायला नको, कारण दुसरीकडे शोधा. आणि लेबलवर फक्त ११० किंवा १२० व्होल्ट लिहिलं असेल तर ते मशीन अमेरिकेच्या लाईनसाठी आहे. आपल्या सॉकेटला ते थेट लावू नका, हीटर जळेल.

उपाय काय केला

पडलेलं व्होल्टेज उचलून देणारा स्टॅबिलायझर घेतला. टीव्हीसाठी मिळतो त्यापेक्षा एक पायरी मोठा, ५०० व्हीएचा, म्हणजे मशीनच्या वॅटच्या दुप्पट. घेताना दुकानदाराला एकच गोष्ट ठासून विचारा: किती व्होल्टपासून उचलतो? पुष्कळ स्टॅबिलायझर १७० च्या खाली हात टेकतात. आम्हाला १४० पासून उचलणारा लागला. तो चालू-बंद होताना टक् असा रिलेचा आवाज करतो, त्याला घाबरू नका. त्याच स्टॅबिलायझरवर फ्रीज टाकू नका.

इन्व्हर्टरवर चालवून पाहायचा मोह आम्हालाही झाला. गावाकडे बहुतेकांकडे स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असतो. त्यावर आमचा पंप घरघर करत गरम झाला, म्हणून लगेच बंद केलं. हीटरसारखी वस्तू बॅटरीही झपाट्यानं उतरवते. लाईन नसेल त्या दिवशी वाफ नाही, हे आम्ही ठरवून टाकलं.

लाईनमनलाही सांगितलं. त्यांनी डीपीवर तिन्ही फेज मोजले. आमचं घर नेमकं सर्वांत जास्त भार असलेल्या फेजवर होतं, कारण काही जण कॅपेसिटर लावून थ्री फेजची मोटार दोनच फेजवर ओढतात. त्यांनी आमच्या घराची सर्व्हिस वायर दुसऱ्या फेजवर घेतली, त्यानं दहा-बारा व्होल्ट वाढले. हे काम फक्त लाईनमननंच करायचं. डीपीवर स्वतः हात घालणारे आपल्याकडे फार आहेत, आणि त्यातले काही परत आलेले नाहीत. कृपा करून करू नका.

आणखी एक. घरातला एक बल्ब मंद आणि त्याच वेळी शेजारच्या घरातला भगभगीत, असं क्षणाक्षणाला होत असेल तर ते कमी व्होल्टेज समजू नका. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, सैल झाल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी व्होल्टेज ३०० च्याही वर जाऊ शकतं. मेन स्विच पाडा आणि लाईनमनला फोन करा.

स्टॅबिलायझरनंतरही फुगा हळू भरत होता

आकडा आता पडत नव्हता, वास येत होता, पण फुगा भरायला सकाळीसुद्धा वेळ लागू लागला. मशीन उलटं करून हवा आत घेण्याची जागा पाहिली. तिथे स्पंजासारखी गाळणी असते. ती पांढरी झाली होती, कापसाच्या तंतूंनी. घरात कापूस साठवलेला, येता-जाता तंतू उडणार, पंप ते ओढणार. गाळणी काढून झटकली, साबणाच्या पाण्यात धुतली, वाळवून लावली. फुगा पुन्हा पूर्वीच्या वेगानं भरला. कापूस घरात आहे तोवर आम्ही दर आठवड्याला गाळणी पाहतो, आणि मशीन आता कापसाच्या खोलीपासून दूर, ओसरीवर फरशीच्या ओट्यावर ठेवलंय.

हिवाळ्यातली एक गोष्ट लाईनशी संबंधित नाही. थंडी असली की फुग्याच्या आत वाफ लवकर निवून तेलकट थर बसतो. मोठा फुगा भरण्यापेक्षा छोटा भरून चार-पाच मिनिटांत संपवलेला बरा. उन्हाळ्यात उलट, आपल्याकडे ४५ अंशांत पाला इतका कडक होतो की हाताळतानाच भुगा होतो आणि जाळीतून उडून तोंडात येतो. तेव्हा कमी कुटायचा. पावसाळ्यात बरणीचं झाकण उघडं राहिलं की संपलं. बुरशीचा थोडा जरी वास आला तरी तो पाला फेकून द्यायचा, त्याची वाफ घ्यायची नाही.

मीटर नसेल तर वापरून झालेला पाला पाहा. सगळीकडे सारखा तपकिरी झाला असेल तर उष्णता बरोबर. हिरवटच राहिला तर हवा तापली नाही. मधोमध काळा आणि कडेला हिरवा असेल तर पाला एका जागी दाबून भरलाय. जळका, बिडीसारखा वास आला तर आकडा फार वर आहे, लगेच खाली आणा.

संत्र्याच्या देशात राहून सालीचा मोह होणारच. साल वाळवून टाकली की वास फार सुंदर येतो, पण जाळी दोन दिवसांत चिकटते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या बागेवर वर्षभर काय काय फवारतो ते आपल्यालाच माहीत आहे. ती साल तापवून फुफ्फुसात ओढायची नाही. आम्ही बंद केली. पुदिना आणि तुळसही अंगणातलीच, जिथे फवारा पोचत नाही तिथली.

धोतऱ्याबद्दल मला आवर्जून सांगायचं आहे. जुनी माणसं दम्यासाठी धोतऱ्याची पानं ओढायचे, मामाजींच्या ओळखीच्या एकानं तोच सल्ला दिला. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामाइन असतं. किती पोटात-छातीत गेलं याचा अंदाज घरी कोणालाच येत नाही, माणूस भ्रमिष्ट होतो, जिवावरही बेततं. या मशीनमध्ये ते कधीही टाकू नका. आणि गांजाबद्दल विचारणाऱ्यांना एवढंच सांगते की १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानं तो गुन्हा आहे, माझं हे लिहिणं पुदिना-तुळशीपुरतं आहे.

मशीनच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग पाहा. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये कोरडी पडून फाटते आणि अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. आम्ही उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओततो. झिणझिण्या तरीही राहिल्या तर वायरमनला बोलवा, तोवर मशीन वापरू नका.

आता मामाजी संध्याकाळी आधी स्टॅबिलायझरवरचा काटा पाहतात. काटा १४० च्या खाली असला तर त्या दिवशी मशीन लावत नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून आल्यावर घेतात. आणि मध्येच लाईन गेली तर लगेच मशीनचं बटण बंद करून प्लग काढतात. मोटारी एकदम थांबलेल्या असताना लाईन परत आली की पहिली काही मिनिटं आमच्याकडे २५५-२६० दिसलेलं आहे. पाच मिनिटं थांबायचं, काटा स्थिर झाला की मग पुन्हा लावायचं.